पिवळा पट्टा

सुनेच्या गळ्यात तो पट्टा पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी ताक घुसळत होते. रवी हातात तशीच धरून म्हटलं, "हे काय घालून आलीस? आमच्या मोत्याच्यासुद्धा गळ्यात मी कधी पट्टा पडू दिला नव्हता."

"ऑफिसचा आहे, आईसाहेब. ओळखपत्र अडकवायला."

"ते दिसतंय मला. पण बँकेतल्या पोरांचे निळे असतात. तुझा हा हळदीसारखा पिवळा का? आणि त्यावर लिहिलंय काय?"

"काही नाही. न्यूबी," असं म्हणून निरुपमा हातपाय धुवायला आत गेली.

"काही नाही" असं सांगून माणूस आत निघून गेलं की समजावं, काहीतरी आहे. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण हा धडा मी शाळेबाहेर शिकले आणि तो अजून एकदाही खोटा ठरलेला नाही.

आधी सांगायला हवं, की निरुपमाला नोकरीला मीच ढकललं. माझे सासरे बडोदे संस्थानच्या खानगी खात्यात, म्हणजे राजवाड्याच्या कारभारात होते, घरातल्या बायका बंद टांग्यातून देवाला जायच्या, त्या घरातली सून शेहेचाळिसाव्या वर्षी डबा घेऊन बसला उभी राहते, यावर आमच्या नात्यागोत्यात बरीच तोंडं वाजली. वाजू देत. त्यांनी माझ्या घरातली दोन वर्षं पाहिली नव्हती. माझा उदयसिंहराव गेला, तेव्हापासून ही बाई सकाळची कामं आवरून गॅलरीत खुर्ची टाकून बसायची, ती संध्याकाळी दिवा लावायलाच उठायची. समोर हरणीचं विमानतळ. विमान उतरायचं, विमान चढायचं. ही त्याच्याकडेही बघायची नाही. तिचा नवरा गेला, तसा माझा मुलगाही गेला होता. पण मला निदान भांडता येतं. दूधवाल्याशी भांडते, सोसायटीच्या सेक्रेटरीशी भांडते, देवाशी तर रोजच. हिला तेही येत नव्हतं. मी म्हटलं, एक गेला तो गेला, ही माझ्या डोळ्यांदेखत जायला नको.

शेवटी तिच्या कॉलेजातल्या मैत्रिणीने हे ऑफिस सांगितलं. परदेशातल्या दवाखान्यांचे कागद वाचायचे आणि कॉम्प्युटरात भरायचे. ती नको म्हणाली. मी दोन जेवणं सोडली. तिसऱ्या जेवणाला ती हो म्हणाली. पहिल्या दिवशी संध्याकाळी परत आली तेव्हा दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. नव्या घरात पाऊल टाकून आलेल्या माणसाचं करतात, तसं.

आणि आता हा पट्टा.

आमच्या खालच्या मजल्यावर रघुनाथराव राहतात. जन्मभर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त. मला त्यांचा स्वभाव फारसा आवडत नाही, कारण ते माझ्या चुका काढतात. पण अडला हरी, म्हणून गेले.

"मास्तर, न्यूबी म्हणजे काय?"

"या, वहिनीसाहेब. आधी बसा तरी."

"बसायला आले नाही. शिवी आहे का ते सांगा."

ते हसले. चष्मा पुसला. मास्तर माणूस, प्रश्नाचं उत्तर दोन वाक्यांत कसलं देतोय. म्हणाले, "न्यूबी म्हणजे नवखा. एखाद्या कामात, जागेत नुकताच आलेला. बोलण्यातला शब्द आहे हा. अर्जात लिहायचा नाही, मोठ्या साहेबासमोर वापरायचा नाही. बरोबरीच्या मंडळींत चालतो."

"म्हणजे अपमान नाही?"

"तेच तर. आपण स्वतःला म्हटलं, की मी न्यूबी आहे, जरा सांभाळून घ्या, तर तो नम्रपणा. दुसरा म्हणाला, तर तो कसा म्हणतोय ते बघायचं. हात पुढे करून म्हणाला तर लाड. हसून पाठ फिरवून म्हणाला तर मग टोचतो."

"आणि पट्ट्यावर लिहून गळ्यात घातला तर?"

मास्तरांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "ते व्याकरणात बसत नाही," म्हणाले.

जिना चढताना माझ्या गुडघ्यांपेक्षा दुसरंच काहीतरी दुखत होतं. कारण हा शब्द मला नवा नव्हता. इंग्रजीत नवा असेल. मराठीत मी तो सात वर्षं अंगावर घातला होता.

मी साताऱ्याकडची. लग्न होऊन बडोद्याला आले तेव्हा सतरा वर्षांची. गुजरात राज्य होऊन दोनच वर्षं झाली होती. आमचं घर दांडिया बाजाराकडे, वीस-बावीस माणसांचं. मला नाव होतं कमला, पण ते हाकेला नव्हतं. थोरल्या जाऊबाई म्हणायच्या, "नवी, पाणी आण. नवीला सांगा पितळ घासायला." दोन मुलं झाली तरी मी नवीच. आणि नवीला पहिल्या स्वयंपाकाच्या दिवशी एक परीक्षा असायची. जुन्या बायका मिठाची बरणी हलवून ठेवायच्या. कोणी सांगायचं नाही. नवीने शोधायची. नाही सापडली, तर अळणी आमटी पंगतीत वाढायची, आणि मग सगळं घर हसायचं. त्यांना ती गंमत वाटायची. मी वीस पानांवर अळणी आमटी वाढली होती. एका मामेसासऱ्यांनी ताटातच हात धुतला.

हे मी निरुपमाला कधी सांगितलं नव्हतं. ती या घरात आली तेव्हा मीठ ओट्यावर, डोळ्यांसमोर ठेवलं होतं. एवढं पुण्य माझ्या नावावर आहे. बाकीचं नंतर सांगते.

पंधरा दिवसांनी निरुपमा घरी आली ती चहा न घेताच गॅलरीत गेली. त्याच खुर्चीवर. मी मागोमाग गेले.

"काय झालं?"

"काही नाही."

"निरुपमा, मला 'काही नाही' नको सांगूस. मी पोहे करते आहे आणि तुझ्या या तोंडाने ते कडू होतील."

तेव्हा बोलली. सकाळपासून साठ कागद भरले होते. जेवणाच्या सुट्टीआधी कसलंसं बटण दाबावं लागतं, तर ते राहतात. तिला कोणी सांगितलं नव्हतं. परत आली तर सगळं पुसलेलं. शेजारच्या टेबलावरच्या मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "ओह, न्यूबी," आणि सगळी पोरं हसली. पंचवीस-पंचवीस वर्षांची. एक तर म्हणाला, "आंटी, सगळ्यांचंच एकदा जातं, आम्ही मुद्दाम सांगत नाही. गंमत असते."

कढईतले पोहे खाली लागले.

"हा पट्टा कधी निघतो?" मी शेवटी विचारलं.

"पुढचं नवं माणूस आलं की. मग तो त्याच्या गळ्यात, आणि मला निळा."

"असं."

"आईसाहेब, तुमच्या त्या 'असं'ची मला भीती वाटते," निरुपमा म्हणाली. दोन वर्षांत ती पहिल्यांदा मला काहीतरी टोचून बोलली. मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

माझं गणित सोपं होतं. आमच्या घरातही तसंच व्हायचं. मी नवी होते ती धाकट्या दिरांचं, धनाजीरावांचं, लग्न होईपर्यंत. वत्सला घरात आली त्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी हाक मारली, "नवी," आणि मी सवयीने वळले, तर त्या म्हणाल्या, "तू नव्हे गं." त्या तीन शब्दांनी माझ्या डोक्यावरची घागर उतरली. तेव्हा निरुपमाच्या गळ्यातला पट्टा काढायचा तर उपाय एकच. त्या ऑफिसात नवं माणूस आणायचं.

रघुनाथरावांच्या घरी त्यांची भाची राहायला आली होती, कांचन. करजणची पोरगी, तेविशीची. बी.कॉम. झालेली, टायपिंग येत होतं, नोकरी शोधत होती आणि मुलाखतीच्या आदल्या दिवशी हमखास आजारी पडत होती. मी तिला जिन्यात गाठलं.

"तुझ्यासाठी नोकरी आहे."

"आजी, मने तो बीक लागे," ती म्हणाली. करजणात घरात मराठी आणि भीती वाटली की गुजराती, अशी तिची रीत.

"भीती वाटतेच. मलाही वाटते. मी कोणाला दाखवत नाही एवढंच. उद्या अर्ज टाक. आणि निरुपमाला एक अक्षर बोलायचं नाही."

"का पण?"

"मी म्हणते म्हणून."

तीन वेळा मी तिला जिन्यात गाठलं, तेव्हा अर्ज गेला. मुलाखतीच्या दिवशी तिला ताप आला. मी खाली जाऊन कपाळाला हात लावला, म्हटलं, हा ताप रिक्षात बसला की उतरतो. आणि रिक्षात माझ्याच शेजारी बसवून नेलं. ती आत, मी बाहेर रसाच्या गाडीपाशी. निरुपमा तिसऱ्या मजल्यावर होती, तिला पत्ता नाही. शनिवारी दुपारी कांचनला फोन आला, सोमवारी या.

मी जिंकले होते. आणि त्याच संध्याकाळी निरुपमा जेवताना म्हणाली, "आईसाहेब, मी पत्र लिहिलंय. सोमवारी राजीनामा देते."

घास माझ्या हातातच राहिला.

"मला तिथे कोणी वाईट वागवत नाही," ती म्हणाली. "पण मी आत गेले की सगळे एकमेकांकडे बघतात. मी विचारलं की हसतात. मग मी विचारत नाही. मग चुकतं. मला घरीच बरं वाटतं."

घरीच म्हणजे कुठे, ते मला माहीत होतं. गॅलरीतली खुर्ची. मी तिच्याकडे पाहिलं. मनात आलं की तेव्हाच्यासारखं परत जेवण सोडावं. पण माणसाला एकदा ढकलून दारापर्यंत नेता येतं, आत बसवता येत नाही. आणि कांचनचं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तिला येऊ दे, मी निघते.

"सोमवारचा दिवस भर," मी म्हटलं. "पत्र संध्याकाळी निघताना दे."

"एका दिवसाने काय होणार आहे?"

"काही नाही होणार. माझा सोमवार आहे, शंकराचा. तेवढा माझा शब्द राख."

तिने मान हलवली. पत्र घडी करून पर्समध्ये ठेवलं, माझ्यासमोरच.

सोमवारी मी पुरण शिजवलं. का, ते विचारू नका. मला वाटलं, निळा पट्टा घालून येईल, मी म्हणेन, "तू नव्हे गं," ती हसेल, पत्र फाडेल. सहाला ती येते. साडेसहा झाले. सात वाजले. पुरणावर ताट झाकलं. खाली मास्तर अंगणात फेऱ्या घालत होते, कांचनही आली नव्हती. मी गॅलरीतून विचारलं, "मास्तर, तुमचं घड्याळ काय म्हणतंय?" ते म्हणाले, "तुमचं म्हणतंय तेच, वहिनीसाहेब." पहिल्यांदाच त्यांनी माझी चूक काढली नाही.

सव्वासातला दोघी एकाच रिक्षातून उतरल्या. मी दार उघडून उभी. निरुपमा वर आली. गळ्यात पट्टा. पिवळा.

"अजून पिवळाच?" माझ्या तोंडून गेलंच.

निरुपमाने चपला काढल्या, पाणी प्यायली, मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कांचनला तुम्ही पाठवलंत ना?"

खोटं मला येत नाही असं नाही, पण त्या वेळी सुचलं नाही. "हो," म्हटलं.

"सकाळी साहेबांनी निळा पट्टा आणला माझ्यासाठी. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा पिवळा काढून कांचनच्या गळ्यात घालायचा म्हणून माझ्याच हातात दिला." ती खुर्चीवर बसली. ओट्यापाशी, गॅलरीत नव्हे. "आईसाहेब, त्या पोरीचे हात कापत होते. मी पट्टा घेऊन उभी, आणि ती माझ्यापुढे मान वाकवून उभी. जशी काही—"

वाक्य तिने पुरं केलं नाही. पट्टा कोणाच्या गळ्यात असतो, ते मी पहिल्याच दिवशी बोलले होते.

"मग?"

"मग मी म्हटलं, सर, मी अजून न्यूबीच आहे. मला दोन आठवडे राहू द्या, हिला निळा द्या. ते म्हणाले, असं नसतं. मी म्हटलं, आता असेल. पोरं हसली. पण या वेळी मीही हसले." तिने पट्टा काढून ओट्यावर ठेवला. "दुपारी जेवायच्या सुट्टीआधी मी तिच्या टेबलाशी गेले. म्हटलं, उठायच्या आधी हे बटण दाब. शेजारची मुलगी म्हणाली, आंटी, सांगितलंत का, गंमत गेली. मी म्हटलं, हो गेली. आणि संध्याकाळी तिला सगळं परत दाखवत बसले. म्हणून उशीर."

"आणि पत्र?" मी विचारलं. हे विचारताना मी पुरणाच्या पातेल्याकडे बघत होते.

"तिला लिहून द्यायला कागद नव्हता माझ्याजवळ," निरुपमा म्हणाली. "त्या पत्राच्या मागे लिहून दिलं सगळं. पहिलं हे, मग ते, मग बटण. कांचनच्या पर्समध्ये आहे. उद्या तिला लागेल."

मी पोळी लाटायला घेतली. पहिली फाटली. दुसरीही. पन्नास वर्षांत माझी पोळी फाटलेली कोणी पाहिली नव्हती. निरुपमा उठली, माझ्या हातून लाटणं घेतलं आणि म्हणाली, "सरका, आईसाहेब." मी सरकले.

आणि मग तिथे उभी राहूनच तिला बाकीचं सांगितलं, जे नंतर सांगते म्हटलं होतं.

वत्सलाच्या पहिल्या स्वयंपाकाच्या दिवशी थोरल्या जाऊबाईंनी मिठाची बरणी फडताळात तुपाच्या बरणीमागे ठेवली. मी बघत होते. थोड्या वेळाने वत्सला माझ्यापाशी आली. सोळा वर्षांची, कपाळाला घाम. हळूच म्हणाली, "अक्कासाहेब, मीठ कुठे असतं?" दुसऱ्या कोणाला विचारलं नाही, मलाच विचारलं. मी पितळेच्या ढिगाऱ्यातून नुकती उठले होते. मी म्हटलं, "मला काय विचारतेस? शोध." आणि पंगतीत सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

निरुपमा लाटायची थांबली. "तुम्ही?"

"मीच. आणि वर म्हणायची, की तुझ्या ऑफिसातली पोरं आगाऊ."

तिने लाटणं ठेवलं. पोळी तव्यावर टाकली. उलटली. मग म्हणाली, "वत्सलाकाकी छाणीला असतात ना?"

"असते मुलाकडे."

"रविवारी जाऊ या."

मी वीस वर्षांत तिच्या घरात पाऊल टाकलं नव्हतं. भांडण नव्हतं. लग्नकार्यात भेट व्हायची, साडीचा पदर कसला विचारायचो, झालं. तिच्या दाराशी जायला मला काही कारण नव्हतं, असं मी स्वतःला सांगायची.

रविवारी निरुपमा मला दारापर्यंत घेऊन गेली आणि घरातल्या मुलांशी बोलायच्या निमित्ताने बाहेरच्या खोलीत थांबली. वत्सला स्वयंपाकघरात होती. केस माझ्याहून पांढरे. मी प्रस्तावना करत नाही. उभ्या उभ्या म्हटलं, "वत्सला, मीठ फडताळात होतं, तुपाच्या बरणीमागे. मला माहीत होतं."

तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं.

"तिसऱ्या दिवशी सापडलं मला," ती म्हणाली. "मला वाटायचं, तुम्हालाही माहीत नसेल. तुम्हीही तशा नव्याच होतात."

"नव्हते. मला माहीत होतं."

ती फडक्याला हात पुसत राहिली. "माझ्यानंतर त्या घरात कोणी सून आलीच नाही, अक्कासाहेब," ती म्हणाली. "घर वेगळं झालं तोवर मी नवीच. तुमची सुटका माझ्यामुळे झाली, माझी कोणामुळे झाली नाही."

हे इतकं साधं गणित मी साठ वर्षांत मांडलं नव्हतं. आणि परवा हेच गणित मांडून मी एका कापऱ्या हातांच्या पोरीला रिक्षात घालून नेलं होतं. माझ्या सुनेला ते उमगलं, मला नाही. डोळ्यांना पदर लावायची मला सवय नाही, म्हणून खिडकीकडे बघत उभी राहिले.

वत्सलाने चहाचं पातेलं शेगडीवर ठेवलं. ठेवलं आणि बाजूला झाली.

"करा तुम्ही," म्हणाली. "आज या घरात नव्या तुम्ही."

मी पाणी घातलं. डबे सगळे एकसारखे, स्टीलचे, नावं नाहीत. मी त्यांच्याकडे बघत उभी होते. विचारणार नव्हते. विचारायचा मला काय अधिकार होता.

"साखर वरच्या खणात," वत्सला म्हणाली. "डाव्या हाताला, दुसरा डबा."